टाकीचं झाकण

आमच्या शेडात एका अंगाला ट्रॅक्टर असतो आणि दुसऱ्या अंगाला, कडबा रचतो त्याच्या अलीकडं, एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. ती चालू होत नाही असं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मी बॅटरी जोडतो, चोक ओढतो, दोन-तीनदा सेल मारला की खोकत खोकत चालू होते. नातवंडं हसतात. थोरला म्हणतो, भंगारात द्या, जागा तरी मोकळी होईल. मी देत नाही. म्हाताऱ्याचा जुन्या गाडीवर जीव आहे असं घरातल्या सगळ्यांना वाटतं, आणि मीही ते तसंच वाटू देतो. खरं कारण निराळं आहे. ते इतकी वर्षं मी कागदावर मांडलं नव्हतं.

गाडी आम्ही १९९३ साली घेतली. सोलापुरातल्या एका डॉक्टरांनी दहा वर्षं वापरलेली होती. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट. आपल्याकडं ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीत तयार व्हायची, आणि ती कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंदांनी. वालचंदशेठ जन्मानं सोलापूरचे, १८८२ सालचे. बार्शी लाईट रेल्वेच्या कामाची कंत्राटं घेता घेता हा माणूस जहाजं, विमानं आणि मोटारींपर्यंत गेला. त्यामुळं आमच्या चुलत्यांना गाडीचं भारी कौतुक. बोनेटवर हात ठेवून म्हणायचे, "आपल्या सोलापूरच्या माणसानं काढलेली गाडी हाय, ही कशी दगा देईल?" तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. पण आता वाटतं, हा भरवसा जिथून येतो तिथूनच संशयही येतो. आपला म्हणून भरवसा, आणि जो आपल्यातला नाही त्याच्यावर, तसंच काही न तपासता, संशय.

गाव मंगळवेढे तालुक्यात. काळी जमीन, मालदांडी ज्वारी, पाऊस बेभरवशाचा. गाडी घेण्याची आमची ऐपत होती असं नाही, पण आईच्या छातीत कळा यायला लागल्या होत्या आणि सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रात्री-अपरात्री जीप मिळायची नाही. म्हणून दोन म्हशी आणि थोडं सोनं घालून गाडी आणली. मी चालवायला शिकलो, चुलतभाऊ शिकला. किल्ली खुंटीला असायची.

शेडात, गाडीच्या पलीकडं, आमचा सालगडी झोपायचा. अकरा वर्षं आमच्याकडं होता. दर पाडव्याला साल ठरायचं, उचल द्यायची, नारळ फोडायचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, तरी मला 'दादा' म्हणायचा. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा त्याचं नाव मी चारचौघांत घेतलं, तेवढं पुरे झालं.

१९९६ च्या पावसाळ्यात गाडीच्या टाकीत पाणी जातंय अशी मला शंका आली. झाकण सैल बसायचं, वास यायचा, वळणावर थोडं पेट्रोलही बाहेर यायचं. मी काय केलं, सायकलची जुनी ट्यूब घेतली, कात्रीनं गोल वॉशर कापलं आणि झाकणाच्या आत घट्ट बसवलं. दहावी शिकलेला शेतकरी, असली कामं आपण स्वतः करतो याचा अभिमान. वास थांबला, सांडणं थांबलं. मी ते विसरून गेलो.

महिना-दीड महिना गाडी ठीक चालली. मग अडखळायला लागली.

ज्यांनी कार्बोरेटरची गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि वेळेवर ठिणगी. तिन्हींचा मेळ बसला की चारही सिलिंडर ओळीनं ठोके देतात. एखाद्यानं ठोका चुकवला की इंजिन लंगडं चालतं, मिस्त्री म्हणतात 'मिसिंग मारतंय'. एक्सिलेटर दाबला तरी गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबते, गचके खाते, मग एकदम उसळते. आमची सुरुवातीला मंगळवेढ्यापर्यंत नीट जायची. पुढं माचणूरच्या आसपास, भीमेच्या पुलावर, ढासळायला लागायची. चोक अर्धा ओढला की जरा सुधारायची, म्हणून मी चोक ओढूनच चालवायला लागलो. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि हिशेबात धरणं यात फरक आहे. टाकीतला काटा भराभर खाली यायला लागला तेव्हा माझ्या मनात चोक आलाच नाही. मनात आलं, पेट्रोल कोणीतरी काढतंय.

आणखी एक खूण होती. टाकी भरली की गाडी लवकर अडायची. टाकी अर्धी असली की जरा लांब जायची. ही खूण खरी होती, तिच्यात रोगाचं पूर्ण उत्तर होतं. मी तिचा अर्थ असा लावला की आपण पेट्रोल भरून आणतो, रात्रीत कोणीतरी त्यातलं काढून घेतं आणि बदली रॉकेल ओततं. म्हणून भरलेली टाकी जास्त त्रास देते. किती बरोबर जुळलं! संशय जुळवाजुळवीत फार हुशार असतो.

मिस्त्री दाखवले. मंगळवेढ्यातल्या मिस्त्रीनं प्लग काढले, ते काळे कुळकुळीत. म्हणाला पेट्रोल खराब आहे. प्लग काळे झाले होते ते मी महिनाभर चोक ओढून चालवल्यामुळं, पण चोकाचं त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पंढरपूरच्यानं कार्बोरेटर धुतला, एसी पंपाचं किट बदललं. पेट्रोल पंपाला मिस्त्री लोक एसी पंपच म्हणतात. सोलापुरातल्या एकानं बोनेट उघडून पाच मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, रिंगा गेल्या. त्यानं सांगितलेल्या आकड्यात एक बैल आला असता.

अशातच दसरा होऊन गेल्यावर एका रात्री आईच्या छातीत जोराची कळ आली. लाईट नव्हती. गड्यानं घाईघाईनं कंदिलात रॉकेल भरलं, काच पुसली, आईला बाजेसकट उचलून गाडीपाशी आणलं आणि स्वतः पुढच्या सीटवर बसला. कंदील पायापाशी. भीमेचा पूल ओलांडला, बेगमपूर गेलं, आणि कामतीच्या अलीकडं गाडी गचके देत देत बंद पडली. दोन्ही बाजूला काळी रानं, आत आई कण्हतेय. त्यानं उतरून गाडी ढकलली. पन्नास पावलं, शंभर पावलं. चालू होईना. तेव्हा मी टाकीपाशी गेलो, झाकण उघडलं आणि वास घेतला. तो माझ्या पाठीमागं आला, कंदील लांब ठेवून, मोकळ्या हातानं. मला रॉकेलचा वास आला.

तो वास त्याच्या हाताचा होता. तासापूर्वी त्यानं माझ्याच आईसाठी कंदील भरला होता. पण त्या क्षणी मला टाकीचा वाटला. झाकण लावलं, सेल मारला, गाडी चालू झाली, थेट सीना नदीपर्यंत नीट गेली. झाकण उघडल्यामुळं ती चालू झाली, हे डोक्यात यायला जागाच नव्हती. डोक्यात एकच होतं.

आई वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. तरी सकाळी आम्ही परत आलो तेव्हा मी ताळ्यावर नव्हतो. वाड्यासमोर दोन-चार माणसं विचारपूस करायला जमली होती, दुधाची गाडी घेऊन येणारा पोरगा होता, खुरपणीच्या दोन बायका होत्या. त्यांच्यासमोर मी त्याला म्हणालो, "आई मेली असती तुझ्या चार लिटर पेट्रोलपायी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो म्हणाला, "मालक, मी न्हाई." अकरा वर्षांत पहिल्यांदा मालक म्हणाला. मी म्हणालो, "हाताचा वास घे." त्यानं खरंच हात नाकाला लावला. तो हात मला अजून दिसतो.

संध्याकाळी त्यानं साल मोडलं. उचलीतली राहिलेली रक्कम कुठून तरी आणून आईच्या पायापाशी ठेवली. आई खाटेवर होती. ती मला एवढंच म्हणाली, "इचारलंस का त्याला?" मी म्हणालो, त्यात काय विचारायचं.

आता माझा प्रश्न असा आहे. गाडीची किल्ली खुंटीला असायची. चुलतभाऊ ती हवी तेव्हा न्यायचा, पंढरपूरला, लग्नाकार्याला. पेट्रोल खरंच जात असेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडं बोट जायला पाहिजे होतं. त्या दोन महिन्यांत एकदाही माझ्या मनात त्याचं नाव आलं नाही. दाबून टाकलं असं नाही, आलंच नाही. ज्याच्याकडं गाडीची किल्लीही नव्हती, ज्यानं कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, त्याचं नाव मात्र बोलावल्याशिवाय आलं. पाणी जसं उतार बघतं तसा संशय उतार बघतो. आमच्या गावात उतार कुठल्या आळीकडं आहे हे मी सांगायची गरज नाही. ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना कळेल, शहरातल्यांनाही त्यांच्या सोसायटीत काही हरवलं की पहिलं नाव कोणाचं येतं ते आठवावं.

मंगळवेढं हे चोखोबांचं गाव. इथंच गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले असं सांगतात, आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. त्यांच्याबद्दलची दुसरी एक कथा आमच्याकडं बायका सांगायच्या. विठोबाच्या गळ्यातला हार चोखोबांच्या गळ्यात सापडला आणि चोरीचा आळ घेऊन त्यांना मारलं. देवानंच दिला होता, पण विचारलं कोणी? लहानपणी ही कथा ऐकताना मी कायम चोखोबांच्या बाजूनं असायचो. मारणाऱ्यांचा राग यायचा. आपण मारणाऱ्यांतले असू असं कथा ऐकताना कोणालाच वाटत नसतं.

तो गेल्यावर रब्बीची पेरणी अर्धी उरली होती. पेरणीला रोजचा माणूस लावला, ओल गेली, निम्मं रान फुटकं उगवलं. मिस्त्री लोक आजारी सिलिंडर शोधायला एकेका प्लगची वायर काढून बघतात. वायर काढली आणि इंजिनात काही फरक पडला नाही तर तो सिलिंडर आधीच मेलेला. वायर काढल्यावर इंजिन एकदम कोलमडलं तर तोच भार ओढत होता. हे मला पुढं उस्तादनं शिकवलं. तेव्हा मला रान आठवलं.

उस्ताद म्हणजे सोलापुरातले चौथे मिस्त्री. जुना पुणे नाक्याकडं एका बोळात त्यांचं गॅरेज, गॅरेज कसलं, कडुलिंबाखाली एक लाकडी पेटी. पूर्वी मिलमध्ये फिटर होते, मिल बंद पडल्यावर गाड्यांकडं वळले. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून मी गाडी त्यांच्याकडं नेली. सांगून टाकलं, "गड्यानं रॉकेल घातलं होतं, इंजिन खराब झालंय, बघा."

त्यांनी बोनेट उघडलं नाही. मला चहा पाजला. मग विचारायला लागले. कवा अडती? गार असताना का तापल्यावर? चढाला का सपाटीला? एकदम खट्‌दिशी बंद पडती का हळूहळू दमत जाती? टाकी भरली असताना जास्त का रिकामी असताना? बंद पडल्यावर तुम्ही काय करता, काय काय हात लावता, सगळं सांगा. मी एकेक आठवून सांगत होतो आणि माझ्या ध्यानात येत होतं की आधीच्या तिघांपैकी कोणी हे विचारलं नव्हतं. ठिणगीचा दोष असला तर गाडी एकदम मरते, पेट्रोल कमी पडत असलं तर दमत जाते, असं ते म्हणाले. माझी दमत जायची. हे पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं.

मग त्यांनी पेटीतून एक फिल्टर पेपर काढला, टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब त्यावर टाकला. दोन मिनिटांत थेंब उडून गेला. कागद जसाच्या तसा पांढरा. भेसळ असती तर डाग राहिला असता. हा कागद पेट्रोल पंपावरही मागितला तर द्यावा लागतो, तसा नियम आहे. मी म्हणालो, "हे पेट्रोल मी परवाच भरलंय. तेव्हाचं वेगळं असेल." उस्ताद म्हणाले, "असंल. पर गाडी आजबी अडती का न्हाई?"

अडत होती. गडी जाऊन तीन महिने झाले होते आणि गाडी तशीच अडत होती. हे मी रोज बघत होतो.

पॉइंट त्यांना खराब सापडले. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून दाखवलं, पॉइंट खड्डे पडून जळले होते, कंडेन्सरही गेला होता. ते बदलून, अंतर जुळवून घेतलं तेव्हा उभ्या गाडीची थरथर गेली. मला वाटलं झालं. ते म्हणाले, "ही एक व्याधी. दुसरी हाय. चला." आणि स्वतः शेजारी बसले. चोकला हात लावायचा नाही असं बजावलं. टाकी वाटेत भरून घ्यायला लावली. तिऱ्ह्याच्या पुढं गाडी दमायला लागली तसं त्यांनी थांबवायला सांगितलं. उतरून टाकीपाशी गेले, मला जवळ बोलावलं, "कान द्या," म्हणाले, आणि झाकण फिरवलं.

सूं करून हवा आत गेली. एवढा मोठा आवाज की मी मागं सरकलो.

टाकीतून पेट्रोल खाली जातं तेव्हा तेवढी जागा भरायला वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक वाट ठेवलेली असते. ती वाट बुजली की आत पोकळी धरते, आणि पंपानं कितीही ओढलं तरी पेट्रोल येत नाही. बाटली तोंडाला लावून दम न सोडता ओढली की कसं होतं, तसं. टाकी भरलेली असली की वर हवा थोडीच, म्हणून पोकळी लवकर धरते. अर्धी असली की जरा उशिरा. थांबून राहिलं, किंवा झाकण उघडलं, की पुन्हा चालू. त्यांनी झाकण उलटं करून बघितलं. आत ट्यूबचं वॉशर होतं, पेट्रोलनं फुगून दुप्पट झालेलं, वाटेवर चिकटून बसलेलं. सायकलच्या ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. नवीन होतं तेव्हा फट राहिली असेल, म्हणून पहिला महिनाभर गाडी चालली.

"ह्ये कुणी घातलं?" उस्तादनं विचारलं.

मी सांगितलं.

ते काही बोलले नाहीत. नखानं वॉशर काढून माझ्या हातात दिलं आणि हात पुसले. खरं तर मला त्यांनी चार शब्द सुनवायला पाहिजे होते असं वाटलं. त्यांनी पैसे घेतले ते पॉइंट आणि कंडेन्सरचे, झाकणाचे नाहीत.

महिनाभर मी कोणाला काही सांगितलं नाही. ते एक वेगळं पाप आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. कारणं होती. सुगी होती, माणसं मिळत नव्हती. कारणं असतातच.

मग तो सांगोल्याकडं एका डाळिंबाच्या बागेत कामाला आहे असं कळलं, तिथं गेलो. तो पाणी सोडत होता. मी सगळं सांगितलं: झाकण, वॉशर, सूं करून गेलेली हवा, पांढरा कागद. बोलताना मला जाणवलं की मी गाडीचंच सांगतोय. त्यानं दार मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात घेतलं आणि म्हणाला, "मालक, गाडी चार मिस्त्र्यांना दावली. मला एकदा तरी इचारायचं व्हतं."

परत ये म्हणालो. नाही म्हणाला. रागानं नाही. त्या बागेच्या मालकालाही मी भेटलो, माझीच चूक होती, माणूस सोन्यासारखा आहे, असं सांगितलं. तो मान हलवत होता. पण मोटारीच्या खोलीची किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली मी बघितली, आणि मी निघालो तेव्हाही ती तिथंच होती. माझी गोष्ट माझ्या आधी तिथं पोचली होती. आरोप गावभर झाला होता आणि माफी मी बांधावर, पाण्याच्या दारापाशी मागून आलो होतो, जिथं ऐकायला डाळिंबाशिवाय कोणी नव्हतं.

म्हणून पाडव्याला मारुतीच्या पारावर, गडी ठरवायला माणसं जमतात तेव्हा, मी उभा राहून सांगितलं. सात-आठ जण होते. एकजण हसून म्हणाला, "एका झाकणासाठी येवढं?" दुसरा म्हणाला, "आता कशाला उकरता, गेला ना तो?" पारावरच्या लोकांना वॉशरची गोष्ट मनापासून आवडली नाही. तिच्यात चोर नव्हता. पहिली गोष्ट त्यांना जास्त पसंत होती, आणि ती तशीच चालू राहिली. त्याला 'पेट्रोल्या' म्हणायला लागले होते. त्याचा पोरगा मंगळवेढ्याला शाळेत होता, तिथंही पोरं तेच म्हणायची असं मला फार उशिरा कळलं. त्या पोरानं शाळा सोडली. या नावामुळंच सोडली का, मी सांगू शकत नाही. नाही असंही म्हणवत नाही.

मी न्याय करायला बसलो तर कोणता तराजू लावू? चूक तर न कळत झाली. वॉशर चांगल्या हेतूनं घातलं, आईच्या जीवाची भीती खरी होती, गाडी खरंच अडत होती. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी घेतली तर मी गुन्हेगार ठरत नाही. पण वासावरून माणूस धरला, आणि माणूस धरल्यावर शोध थांबवला, ही गोष्ट न कळत झालेली नाही. तिथं मी ठरवलं. गाडीला चार मिस्त्री मिळाले, कारण गाडी खोलली तर काही नुकसान नाही, पुन्हा जोडता येते. माणसाचं तसं नाही. त्याला खोलायचा म्हणजे विचारायचा, आणि विचारायचं म्हणजे तो 'नाही' म्हणू शकतो हे धरून चालायचं. मला ते धरून चालायचं नव्हतं.

आता गाड्या बदलल्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, पेपरात फोटो होता. थोरल्याची गाडी नवीन आहे. गेल्या वर्षी ती गचके खायला लागली, समोर पिवळा दिवा लागला, आणि तो घरी येऊन म्हणाला, "हे इथेनॉलनं होतंय." आमच्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने, आमच्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं, त्यामुळं त्याला दोष देणारे आणि त्याची बाजू घेणारे दोन्ही आमच्याच पारावर बसलेले. दोन्हीकडच्या कोणी बोनेट उघडलेलं नसतं. सोलापुरात गॅरेजमधल्या पोरानं यंत्र लावलं, त्यावर मिश्रण पातळ असा कोड आला. थोरला लगेच म्हणाला, म्हणजे सेन्सर गेला, बदला. तो पोरगा म्हणाला, "साहेब, कोड फक्त तक्रार सांगतो, दोष कुठाय ते शोधावं लागतं." आणि खाली वाकून हात फिरवत राहिला. हवेच्या एका रबरी नळीला चीर होती. मला त्या पोराच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, तो घाबरला असता.

तो गडी पुढं पाच-सहा वर्षांनी वारला. मी गेलो होतो. मागं उभा राहिलो.

झाकण आणि वॉशर मी वेगवेगळे ठेवलेत. झाकण गाडीवर आहे, आत काही न घालता. वॉशर शेडातल्या खिळ्याला आहे, आता वाळून कडक झालंय.

हे लिहून झाल्यावर थोरल्याला वाचायला दिलं. त्या वेळी तो सात-आठ वर्षांचा असेल, त्या माणसाच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलेला. वाचून झाल्यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हा म्हणजे आपला पेट्रोल्या ना?"

मी त्याला खरं नाव सांगितलं. त्याला पटकन आठवेना, म्हणून परत एकदा सांगितलं.